काकूंचे पाच ग्रॅम

थोरल्या बहिणीला हुपरीला दिली, तरी तिथल्या चांदीशी माझा संबंध लग्नात मिळालेल्या एका पेल्यापुरताच होता. पण मेहुणा कॉम्प्युटरवाला आहे हे दाजींना कळले आणि पैंजणांच्या हिशेबाचा प्रोग्रॅम माझ्या गळ्यात पडला. तो मी पायथॉन भाषेत लिहून दिला. पुढे पुण्याहून भाच्याने फर्मावले, "मामा, आता सगळं 'गो' मध्ये हवं." अजगर सोडून गाय पाळायची, एवढेच मला समजले.

कारागिरांच्या नोंदी मोबाइलवरून 'जेसन' नावाच्या मजकुरात येतात. महिरपी कंस, त्यात रकान्याचे नाव, दोन टिंबे आणि आकडा. डग्लस क्रॉकफर्ड नावाच्या गृहस्थांनी २००१ च्या सुमारास हे रूढ केले. मोडी वाचण्यापेक्षा सोपे! म्हणून मी एका रात्रीत भाषांतर उरकले आणि मिसळ खायला मोकळा झालो.

सोमवारी काकू आल्या. घरी बसून पैंजणांच्या कड्या जोडणाऱ्या.

"मालक, पाच ग्रॅम चांदी मी काय गिळली व्हय? तीस वर्सं काम करत्येय हितं!"

५०० ग्रॅम चांदी नेलेली, ४९५ ग्रॅमचे पैंजण आणून दिलेले. कामात चांदी घटतेच. ती घट दाजींनी ठरवून दिलेली. नोंदीत घटीचा रकाना कारागीर बहुधा गाळतात, म्हणून जुन्या प्रोग्रॅमला मी सांगून ठेवले होते, 'घट लिहिली नसेल तर ठरलेली धर.' नेमकी ती ओळ नव्या घरी आणायची राहिली. आणि गोचा स्वभाव असा, की रकाना नसला तरी बोंब नाही. गुपचूप शून्य धरायचे. पायथॉन निदान फुत्कारून बंद तरी पडला असता. गाय बिचारी रवंथ करत बसली, आणि काकूंसकट बारा जणांच्या नावावर चांदी निघाली.

दाजी माझ्याकडे मेहुण्याकडे पाहतात तसे पाहत होते.

इलाज सोपा. त्या रकान्याला पॉइंटर लावायचा. पॉइंटर म्हणजे नुसते बोट. घट लिहिली असेल तर बोट तिच्याकडे; नसेल तर कुठेच नाही, 'निल'. काकूंना हे समजावू लागलो.

"न लिवलेलं म्हंजी शून्य न्हवं," त्या म्हणाल्या, "ह्ये माझ्या नातीलाबी ठावं हाय."

बाराही खाती दुरुस्त केली. काकू उठेनात. पिशवीतून त्यांनी लाल वही काढली.

"बाकी न्हाई असं लिवा. हितं. पेनानं."

मी लिहिले.

"आता सही."