रघूचं बालपण काढून टाक

प्रिय ऋचा,

तुझ्या कॉमिकची पानं मिळाली. एकदा सलग वाचली, मग पेन्सिल घेऊन सावकाश. शाईचं काम झकास जमलंय. कल्याण स्टेशनबाहेरच्या स्कायवॉकवर फेरीवाल्यांच्या टोपल्यांमधून वाट काढत जाणारा रघू, ते पान मोठं छापून मला दे, भिंतीवर लावतो. पण कौतुक करायला तुझी आई आहे. माझ्याकडे पानं आली ती वेगळ्या कारणासाठी, तेव्हा आता भांडतो.

रघू खासगी सावकाराचा वसुलीवाला. दारात उभा राहिला की घरातलं बोलणं थांबतं. माणूस चांगला नाही, तरी नायक तोच. इथवर मी तुझ्या बाजूने. पण पहिली आठ पानं तू त्याच्या लहानपणाला देऊन टाकलीस: दारुडा बाप, खोकणारी आई, पावसात भिजत उभं पोरगं. मग नवव्या पानावर तो पहिल्यांदा कुणाची तरी कॉलर धरतो. म्हणजे गुन्ह्याआधीच जामीन. वाचकाने अजून आरोपसुद्धा केलेला नाही आणि तू वकीलपत्र दाखल करून मोकळी! ही आठ पानं काढ.

ताकाओ साइतो यांचं ‘गोल्गो १३’ हे जपानी कॉमिक तू चाळलं आहेस. १९६८पासून चालू आहे. साइतो २०२१मध्ये गेले, तरी त्यांच्याच इच्छेप्रमाणे मालिका थांबलेली नाही. भाडोत्री मारेकऱ्याची गोष्ट अर्ध्या शतकाहून जास्त चालते, आणि हा गडी मुळात कोण, कुठला, याचा पक्का पत्ता वाचकाला आजही नाही. मधूनच त्याच्या जन्माचा माग काढणारी एखादी कथा येते, वाटतं आता कळणार, आणि नेमका तिथेच धागा तुटतो. तो बोलतोही इतका कमी की अनेकदा संवादाच्या फुग्यात नुसती टिंबं. पण त्याच्या पाठीमागे कुणी उभं राहायचं नाही, आणि हस्तांदोलनासाठी तो आपला हात कुणाच्या हातात देत नाही, हे प्रत्येक वाचकाला ठाऊक. या दोन सवयींमधून मला त्याच्या धंद्याबद्दल, भीतीबद्दल आणि झोपेबद्दल जे कळतं, ते आठ पानांच्या पावसातून रघूबद्दल कळलं नाही.

अशा नायकाला भूतकाळ नसला तरी चालतो. स्वतःचा कायदा मात्र लागतो. आपल्याकडे तेंडुलकरांनी १९७२मध्ये रंगभूमीवर हेच केलं. सखाराम बाइंडर सुरुवातीलाच काय करतो? घरात नव्याने आणलेल्या लक्ष्मीला नियम सांगतो. ऐकताना त्याची किळस येते आणि हा माणूस निदान ढोंगी नाही, हेही पटत जातं. लहानपणाबद्दल तो बोलतो, पण बोलण्याच्या ओघात, सहानुभूतीची वाटी पुढे न करता. मग नाटक चढत जातं ते त्या नियमांना तडे जाण्यातून. शेवटी चंपाच्या खुनानंतर तो सुन्न होतो, तेव्हा नियम सुनावणारा तो आवाज कुठेच उरलेला नसतो. रघूचा नियम कोणता? तुझ्या पानांत मला तो सापडला नाही. बायकांच्या अंगावरचं सोनं घेणार नाही, असा असू शकेल. किंवा याच्या उलट: हप्ता चुकला की एक दिवसाचीही सवलत नाही, सख्ख्या मित्रालासुद्धा. मला दुसरा जास्त आवडेल, कारण तो मोडावासा वाटेल आणि मोडला तर महागात पडेल.

आता ते रिक्षावाल्याच्या नातीच्या फीचं पान. दिवसा रघू म्हाताऱ्याची रिक्षा ओढून नेतो आणि रात्री गुपचूप त्याच्या नातीच्या शाळेची फी भरतो. ऋचा, ही वाचकाला दिलेली लाच आहे. ‘बघा हो, आतून चांगला आहे’ असं तू कानात सांगतेस. रघूने चांगलं वागू नये असं नाही. पण त्याचा चांगुलपणा त्याच्या धंद्याच्या आतून, वाकड्या वाटेने यायला हवा. तेझुकांचा ब्लॅक जॅक आठव. १९७३मध्ये सुरू झालेली मालिका, परवाना नसलेला शल्यविशारद, अवाच्या सवा फी. पहिल्याच कथेत एका गडगंज बापाचा वाया गेलेला मुलगा अपघातात चिरडला जातो, आणि त्याला जगवायला शरीर हवं म्हणून बाप एका निरपराध शिवणकाम करणाऱ्या पोराला खोट्या खटल्यात मृत्युदंड मिळवून देतो. ब्लॅक जॅक फी ठरवतो, शस्त्रक्रिया करतो, पैसे घेतो. नंतर कळतं की त्याने गरीब पोरालाच श्रीमंत पोराचा चेहरा देऊन वाचवलंय. सगळंच बेकायदा, वर फसवणूक, आणि फी वसूल! तेझुका स्वतः वैद्यकशास्त्र शिकलेले, त्यामुळे की काय, डॉक्टरला देव करायचा मोह त्यांना नव्हता.

इथवरचं सगळं एक वेळ विसर, पण ‘डेथ नोट’ पुन्हा वाच. या वेळी गोष्टीसाठी नको. त्सुगुमी ओबा आणि ताकेशी ओबाता आपल्याला कुठल्या पानावर काय करायला लावतात, ते बघत वाच. २००३च्या डिसेंबरमध्ये ‘शोनेन जंप’ या मुलांच्या साप्ताहिकात ती सुरू झाली आणि २००६मध्ये १०८ प्रकरणांवर संपली. लाइट यागामी हुशार, सुखवस्तू घरातला, पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा. दुःख काहीही नाही, कंटाळा आहे. वहीत नाव लिहिलं की माणूस मरतो. पहिलं नाव तो कुणाचं लिहितो? टीव्हीवर दिसणाऱ्या, बालवाडीत ओलीस धरून बसलेल्या माणसाचं. कोण हरकत घेणार? दुसरं, रस्त्यात एका बाईला छळणाऱ्या टवाळाचं. इथे जरा थांबायला हवं होतं, कारण छेडछाडीला मृत्युदंड कुठल्या न्यायात बसतो? पण आपण एकदा मान हलवून बसलेलो असतो. पुढच्याच प्रकरणात टीव्हीवर कुणी त्याला दुष्ट म्हणतो आणि निव्वळ त्या रागापोटी तो त्याचं नाव लिहितो. मग माग काढायला आलेले एफबीआयचे बारा जण. प्रत्येक वेळी पायरी तेवढीच बुटकी, म्हणून आपण किती खाली आलो ते कळत नाही.

आणि मग नाओमी मिसोरा. त्या बारांपैकी एकाची वाग्दत्त वधू, स्वतः पूर्वी एफबीआयमध्ये काम केलेली, आणि खऱ्या मारेकऱ्याच्या सगळ्यात जवळ पोहोचलेली. लाइट तिच्याबरोबर रस्त्याने चालतो आहे. तिने सांगितलेलं नाव त्याने लिहिलं, वेळ सरली, काहीच झालं नाही, म्हणजे नाव खोटं. तपासपथकातलं कुणी तिला भेटायच्या आत खरं नाव काढायला हवं. आता त्या पानांवर स्वतःकडे बघ. तिचं सगळं बरोबर आहे, ती सहृदय आहे, तिच्या माणसाला याने मारलंय, आणि आपण मनात म्हणतो आहोत: सांग ना नाव! ती सांगते. काही क्षणांनी तो तिला आपण कोण ते सांगून टाकतो आणि ती शून्य डोळ्यांनी चालू लागते. पोटात गोळा येतो तो तिच्यासाठी जितका, तितकाच स्वतःसाठी. त्या चार पावलांत लेखकाने आपल्याला साथीदार करून घेतलेलं असतं.

तुला हवं ते हे आहे. सहानुभूतीचा वाचकाला काही त्रास नसतो, ती तो फुकट देतो. साथ दिली की मात्र तो अडकतो. १९६२पासून रंगमंचावरच्या ठग लखोबा लोखंडेच्या प्रत्येक बतावणीला हसलेलं आपलं प्रेक्षागृहही असंच अडकलेलं होतं. फसवलेल्या बायका समोर साक्ष देत असताना आपण लखोबा रंगवणाऱ्या पणशीकरांच्या पुढच्या सोंगाची वाट बघत असतो.

मग लाइटमध्ये चांगलं काही होतं की नाही, हे ओबांनी सांगितलंच नाही का? सांगितलं, पण भूतकाळात न जाता. गोष्टीच्या मध्यावर तो डावपेच म्हणून वहीचा हक्क सोडतो, त्याबरोबर आठवणीही जातात, आणि मग कित्येक प्रकरणं एक सरळ, तळमळीचा मुलगा मनापासून खुन्याचा शोध घेताना दिसतो. एक दिवस वही पुन्हा हाताला लागते. तुझी आठ पानं जे साधू बघत होती ते इथे साधतं, कारण काय गमावलं हे आपण आत्ता, डोळ्यांसमोर पाहतो. आणि किंमत? बाप मरणशय्येवर आहे, मुलगा खुनी नाही या समाधानात, आणि मुलगा त्याच्याकडे शेवटचं एक नाव लिहून मागतो आहे.

तू म्हणशील, ‘बर्सर्क’मध्ये तर केवढा थोरला भूतकाळ आहे. आहे, पण मिउरांनी १९८९मध्ये आधी नायक गट्स दाखवला: कुणाच्या उपकाराला न जागणारा, अंगावर धावून येणारा माणूस. ‘हा असा का?’ हा प्रश्न आपल्याला पडल्यावर मग ते मागे गेले. रघूबद्दल कुणी विचारलं तर सांग. कदाचित तिसऱ्या भागात.

हे सगळं तुझ्या पानावर उतरवायचं तर रिक्षाचा प्रसंग घे. आत्ता रघू येतो, ओरडतो, किल्ली हिसकावतो. त्याऐवजी म्हाताऱ्याला किल्ली लपवताना आधी दाखव, म्हणजे ती कुठे आहे हे वाचकाला माहीत आणि रघूला नाही. मग रघूला खोलीभर फिरव. लहान चौकटी, त्याच्या खांद्यावरून काढलेल्या, म्हणजे डोळे त्याचे. दोनदा जवळ जाऊन लांब येऊ दे. तिसऱ्यांदा हात पुढे झाला की उजव्या पानाची शेवटची चौकट, आणि पान उलटल्यावर म्हाताऱ्याचा चेहरा, पूर्ण पान. (जपानी पुस्तक उलट्या बाजूने उघडतं, त्यामुळे त्यांची रचना जशीच्या तशी उचलू नकोस, तुझं पुस्तक मराठीसारखं उघडणार आहे. मोबाइलवर टाकणार असशील तर उलटायला पानच नाही, तिथे चेहऱ्याआधी मोकळी जागा सोड.) पाच चौकटींपुरतं का होईना, वाचकाला किल्ली सापडावीशी वाटली पाहिजे.

नवी पानं गणपतीआधी पाठव. आणि हो, किल्ली देवाच्या तसबिरीमागे नको, सगळे तिथेच लपवतात. पिठाच्या डब्यात ठेव. रघूच्या काळ्या शर्टाच्या बाहीला पीठ लागलेलं पुढच्या पानावरही दाखवता येईल.

तुझा
मामा