रांगेतला शेवटचा

बायबलमधल्या सहासष्ट पुस्तकांच्या रांगेत तो सगळ्यात शेवटी उभा आहे. बावीस अध्यायांचा, अंगानं किरकोळ. पण आवाज असा की ऐकणारा दचकून ताठ बसतो. नाव प्रकटीकरण. तो बोलायला लागला की कर्णे वाजतात, शिक्के फुटतात, समुद्रातून सात डोक्यांचं श्वापद वर येतं. सरळ सांगणं त्याच्या स्वभावात नाही. ‘दुष्काळ पडला’ असं तो म्हणणार नाही. तो काळा घोडा दाखवील, त्यावर तराजू घेतलेला स्वार दाखवील, आणि दिवसभराच्या मजुरीत एका माणसाच्या पोटापुरते गहू, असा भाव ऐकवील.

वऱ्हाडात हा स्वार कुणाला समजावून सांगावा लागला नसेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे मिशनरी या मुलखात काम करू लागले, आणि त्याच सुमारास, १८९६-९७ मध्ये आणि पुन्हा १८९९-१९०० मध्ये, मोठे दुष्काळ पडले. या संस्थेचे संस्थापक ए. बी. सिम्पसन यांचा विश्वास होता की ख्रिस्त खरोखर, देहानं आणि लवकर परत येणार; सर्व राष्ट्रांत सुवार्ता पोचली की तो दिवस जवळ येईल. म्हणजे इथं प्रकटीकरण आलं ते अक्षरशः वाचणाऱ्यांचं बोट धरून.

त्याचा जन्म मात्र फार दूरचा. पात्म नावाच्या बेटावर अटकेत असलेल्या योहानानं पाहिलेली ही दर्शनं. बहुतेक अभ्यासक काळ धरतात तो इ. स. ९५ च्या आसपासचा, सम्राट डोमिशियनचा. आजच्या तुर्कस्तानातल्या सात मंडळ्यांना ते पाठवलेलं पत्र होतं. सम्राटाला देव म्हणा, असा दबाव असताना रोमचं नाव उघड घेण्याची सोय नव्हती. म्हणून त्यानं बाबेल म्हटलं, आणि सात डोंगरांवर बसलेली स्त्री रंगवली. कळणाऱ्याला कळलं.

शिवाय तो फसवत नाही. सात समया म्हणजे सात मंडळ्या, हे पहिल्याच अध्यायात सांगून टाकतो. पुढे सतराव्यात सांगतो की पाणी म्हणजे लोकसमुदाय. पाचव्या अध्यायात तर सिंहाच्या विजयाची घोषणा होते आणि समोर दिसतो वधलेला कोकरा. त्याच्या साऱ्या स्वभावाची किल्ली इथं आहे. विजय कुणाचा, तर मारणाऱ्याचा नव्हे, मरण सोसणाऱ्याचा. ही किल्ली न घेता पुढच्या लढाया वाचल्या तर रक्ताशिवाय हाती काही लागत नाही.

तरी माणसं त्याला तारीख विचारत आली. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा ख्रिस्ताच्या परतण्याचा दिवस धरला. दिवस उगवला आणि मावळला. आपल्याकडे मिझोराममध्ये काही ख्रिस्ती लोकांना आधार क्रमांकात श्वापदाची खूण दिसली.

बुलढाणा जिल्ह्यात तर त्याला अक्षरशः घेण्याचा मोह पायाशीच पडलेला आहे. आठव्या अध्यायात मशालीसारखा पेटलेला तारा आकाशातून कोसळतो आणि पाणी कडू होतं. त्याआधीच्या कर्ण्याला समुद्राचा तिसरा हिस्सा रक्त होतो. आणि लोणारला आकाशातून आलेल्या अशनीनं बेसाल्टच्या खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर खणलेलं आहे, त्यातलं पाणी खारं, अल्कधर्मी. जून २०२० मध्ये, महामारी चालू असताना, ते सरोवर गुलाबी झालं. आठवा अध्याय वाचलेल्याच्या मनात तेव्हा काय आलं असेल, ते मी समजू शकतो.

पण उत्तर पाण्यातच होतं. पाणी आटून क्षार वाढले आणि खाऱ्या पाण्यात जगणारे हॅलोआर्किया हे रंगीत सूक्ष्मजीव बळावले, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसलं. विवराचं वय एका मापनानुसार सुमारे ५२ हजार वर्षं, दुसऱ्यानुसार पावणेसहा लाख. यातलं कुठलंही धरा, योहानाच्या फार आधीचं. लोणारची स्वतःचीही कथा आहे, विष्णूनं लवणासुराला मारल्याची. गावातल्या दैत्यसूदनाच्या मंदिरात जाणारा माणूस सरोवरात असुराची हाडं शोधत नाही. अन्यायी कितीही खोल दडला तरी त्याचा अंत होतो, हे तो कथेतून घेऊन येतो. हीच समज प्रकटीकरणाला मिळायला हवी.

मात्र सगळंच प्रतीक म्हणून मोकळं होणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीननं प्रकटीकरणातल्या हजार वर्षांच्या राज्याचा अर्थ मंडळीचा काळ असा लावला, तेव्हा त्यानं पुस्तकाला अंदाज बांधणाऱ्यांच्या हातून सोडवलं. हे मोठंच काम. पण एकविसाव्या अध्यायात देव डोळ्यांतलं पाणी पुसून टाकील, मरण राहणार नाही, असं वचन आहे. दुष्काळात लेकरू गमावलेल्या आईला हे ‘एक सुंदर रूपक’ आहे म्हणून सांगायचं, म्हणजे तिचं सांत्वन काढून घ्यायचं. श्वापदाला सात डोकी नसतील. पण स्वतःला देव म्हणवून घेणारी सत्ता खरी असते, तिनं केलेले घाव खरे असतात, आणि ते भरून येतील हे वचनही तितकंच खरं, अशा श्रद्धेनं हे पुस्तक लिहिलं गेलं.

म्हणून मी त्याला असा वाचतो: चित्र चित्र म्हणून, वचन वचन म्हणून. अकराव्या अध्यायात तो पृथ्वीची नासाडी करणाऱ्यांच्या नाशाबद्दलही बोलतो. त्याला कुठल्या ताऱ्याची किंवा तारखेची गरज नाही. लोणारच्या काठी राहणाऱ्याला त्याचा शब्द पाळायचा असेल, तर गुलाबी पाण्यात जगाचा शेवट शोधण्यापेक्षा, ते सरोवर आपल्या हातून नासणार नाही याची काळजी घेणं, हे त्याचं सगळ्यात अक्षरशः वाचन ठरेल.