शिट्टीचा राग

वस्तीतल्या मुलींना आम्ही संध्याकाळी बास्केटबॉल शिकवतो. परवा चौदा वर्षांखालील मुलींचा सामना होता. शेवटची दोन-तीन मिनिटे उरली असताना आमच्या सर्वांत उंच मुलीवर पाचवा फाऊल दिला गेला. या खेळात पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर. आम्ही ताडकन उठलो आणि पंचावर ओरडलो, "शिट्टी विकत घेतली काय रे?" पंचानेही बोट रोखून "खाली बसा!" म्हणून दरडावले. आमच्या नावावर टेक्निकल फाऊल लागला, समोरच्या संघाला एक फ्री थ्रो मिळाला, चेंडू जाळीत गेला आणि सामना आम्ही त्याच एका गुणाने हरलो. बाहेर येऊन बसलेली ती मुलगी हळूच म्हणाली, "हात लागला होता, सर."

एवढ्यावर भागले असते तर लिहायचे कारण नव्हते. पुढच्या सरावाला आम्ही ट्रॅव्हलिंगची शिट्टी दिली, तशी कप्तान फटकन म्हणाली, "सर, शिट्टी विकत घेतली काय?" मुली हसल्या. आम्हाला हसता आले नाही. रविवारी विहारात मुलांना सम्यक वाचा समजावून सांगणारे आम्हीच!

आपल्या लोकांना 'पंच' या शब्दाचा धसका जुना आहे. गावकीच्या पंचांपुढे आपले आजे-पणजे दूर उभे राहत आणि निवाडा आधीच ठरलेला असे. त्यामुळे शिट्टी विरुद्ध गेली की संशय येतोच. पण मैदानावरचा तो विशीतला पोरगा गावकीचा पंच नव्हता. सकाळपासून उन्हात सामन्यामागून सामने सांभाळत होता. चूक त्याचीही होऊ शकते, आणि त्यासाठी नियमात वाट आहे. चेंडू आणि घड्याळ थांबलेले असताना कप्तानाने पंचाला सभ्यपणे विचारावे. निकालावर हरकत असेल तर गुणपत्रिकेवर कप्तानाच्या सहीची जागाच ठेवलेली असते. म्हणजे हक्क त्या तेरा वर्षांच्या मुलीचा, आणि आम्ही तिला तो कधी सांगितलाच नव्हता! २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत सनदशीर मार्ग सोडू नका असे बजावले, हे मात्र आम्ही दरवर्षी संविधान दिनाला माईकवरून सांगतो.

पुढे महिनाभराने त्याच पंचाशी गाठ पडली. "त्या दिवशी आमचं चुकलं," आम्ही म्हणालो. तो ओशाळला. "मीही बोट दाखवायला नको होतं, सर. तुमच्या मुली बघत होत्या."

त्या सामन्यातही एक फाऊल आम्हाला पटला नाही. खेळ थांबताच कप्तान पंचाकडे गेली. तो थोडा वाकला, स्वतःच्या मनगटावर हात मारून धक्का कुठे लागला ते तिला दाखवले. ती मान हलवून परत खेळायला गेली. आम्ही बाकावर बसून होतो. तोंड मिटून बसणे फार जड गेले.