हाफ क्लच

उद्यमनगरातल्या गॅरेजात आमच्या मारुती ८०० चा गिअरबॉक्स उतरवत होते, तेव्हा मी सकाळपासून स्टूल टाकून बसून होते. मिस्त्री दोनदा म्हणाले, "ताई, घरी जावा की. झालं की फोन करतो." पण क्लचची प्लेट बाहेर येताना मला बघायची होती. गाडी १९९७ ची, आप्पांनी घेतलेली. २००४ मध्ये आणि २०१३ मध्ये क्लच बदलला तेव्हा आप्पा असेच बसले होते. यंदा त्यांच्या जागी मी.

क्लच हा शब्द मी गाडीच्या आधी स्कूटरवर शिकले. आप्पांची चेतक होती. पुढं उभी राहून मी हँडल धरायची आणि डाव्या मुठीवर त्यांची मूठ यायची. बोटांनी क्लच ओढायचा, तीच मूठ पिळून गिअर टाकायचा, मग बोटं हळूहळू सैल करायची. त्या स्कूटरचा क्लच तेलात बुडालेला असे. त्याच्या चकत्यांवर बुचाचे तुकडे बसवलेले असत, आणि नव्या चकत्या आप्पा बसवण्याआधी रात्रभर तेलात भिजत घालत. स्वयंपाकघरात एका पातेल्यात आईची मटकी आणि मागच्या पडवीत दुसऱ्या डब्यात क्लचच्या चकत्या, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर आहे. म्हणून मारुतीच्या क्लचला तेलाचा थेंबही चालत नाही हे कळलं तेव्हा मला नवल वाटलं होतं. ही प्लेट कोरडीच लागते. इंजिनाच्या मागचं सील झिरपलं की प्लेट घसरायला लागते.

गाडी मी १९९९ मध्ये शिकले, पन्हाळ्याच्या चढावर. आप्पा मागच्या चाकाखाली दगड ठेवून शेजारी येऊन बसत आणि हात हँडब्रेकवर ठेवत. मला सगळ्यात अवघड गेलं ते क्लचच्या पेडलचं उलटं शास्त्र. पेडल दाबलं की प्रेशर प्लेट मागे सरते, इंजिन एकटं फिरतं, चाकांशी त्याचा काही संबंध उरत नाही. पेडलवरून पाय उचलला की जोडणी होते. दाबलं की सुटतं, सोडलं की धरतं. "सोडू नकोस, उचल," आप्पा म्हणत. "आवाज ऐक. इंजिनाचा आवाज खाली बसला, बॉनेट जरा वर आलं, की तिथं पाय थांबव. तो हाफ क्लच." तिथं प्लेट अजून थोडी घसरते आणि थोडी धरते. फिरणाऱ्या इंजिनाला आणि उभ्या चाकांना एका वेगात यायला जो क्षणभर वेळ लागतो, तो हीच घसरण देते, आणि त्यापायी प्लेट दर वेळी कणभर झिजते. आवाज खाली बसल्याचं मला कळेपर्यंत गाडी दहा वेळा बंद पडली, चार वेळा दगडावर येऊन टेकली. आप्पा एकदाही ओरडले नाहीत. ओरडायचे ते एकाच गोष्टीवर. गाडी चालू लागल्यावर माझा डावा पाय पेडलवर रेंगाळला तर ते सीटवर थाप मारत. "पाय खाली! ते पाय ठेवायचा पाट नव्हे."

या गाडीचा क्लच केबलवर चालतो. २००१ च्या पावसाळ्यात रत्नागिरीहून येताना साखरप्यापुढं आंबा घाट चढायला लागलो आणि केबल तुटली. पेडल जमिनीला जाऊन चिकटलं. आईला वाटलं, आता रात्र इथंच काढायची. आप्पांनी इंजिन बंद केलं, पहिला गिअर टाकला आणि गिअरमध्येच चावी फिरवली. गाडी दोन हिसके देऊन स्टार्टरवरच पुढं सरकली आणि सुरू झाली. पुढं दुसरा गिअर त्यांनी क्लचशिवाय टाकला: अॅक्सिलरेटर सोडून, आवाज उतरेपर्यंत थांबून, दांडी हलकेच ढकलून. कुठं खरखर नाही. धुक्यात पुढचा ट्रक दिसेना, थांबणं परवडणारं नव्हतं, आणि तो माणूस फक्त कानानं गाडी मलकापूरपर्यंत घेऊन आला. यंत्राचं एवढं नेमकं ऐकणं मी नंतर कुणाकडेच पाहिलं नाही.

तोच कान शेवटी मंदावला. २०१६ च्या सुमारास पेडल दाबलं की गाडीतून बारीक कुंई असा आवाज यायचा. पेडल दाबल्यावर आवाज येत असेल तर ते रिलीज बेअरिंग, हे आप्पांनीच मला शिकवलेलं. मी त्यांना सांगितलं. "कुठं येतोय?" म्हणाले. पुढच्या वर्षी त्यांनी चावी माझ्याकडे दिली, २०१९ मध्ये ते गेले. गाडी मी चालवत राहिले, पण थोडी थोडी. पेडल वर वर येत गेलं. केबलच्या क्लचमध्ये प्लेट झिजली की असंच होतं, पाय अगदी वर आल्यावर गाडी धरते. यंदा चौथ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबला तर आवाज वाढे, वेग वाढेना. प्लेट संपली होती.

दुपारी मिस्त्रींनी ड्राइव्ह शाफ्ट काढले, गाडीखाली झोपून गिअरबॉक्स छातीवर घेतला आणि अलगद बाहेर सरकवला. आतली काळी धूळ हवेच्या पाइपानं न उडवता ओल्या फडक्यानं पुसली. जुन्या प्लेटांच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ फुप्फुसाला वाईट. अशी काळजी घेणारा मिस्त्री भेटला याचं मला फार बरं वाटलं.

प्लेट रिव्हेटांपर्यंत आली होती. फ्लायव्हीलवर निळसर डाग होते. "हे तापल्याचे. चढावर हाफ क्लचवर उभी केली असणार," मिस्त्री म्हणाले. ते डाग माझे. मेमधल्या रविवारी पन्हाळ्याच्या रांगेत मी हँडब्रेक न लावता क्लचवर गाडी तोलून धरते, ही माझी वाईट सवय. फ्लायव्हील फेसिंगसाठी लेथवर गेलं.

मग त्यांनी प्रेशर प्लेट उजेडात धरली. मधल्या स्प्रिंगच्या पाकळ्यांची टोकं आरशासारखी चकाकत होती आणि त्यांत खोल चरा पडला होता. "कुणीतरी पाय ठेवून चालवलीय बघा. बेअरिंग सारखं टेकून राहिलंय. तुम्ही ठेवता पाय पेडलवर?"

मी ठेवत नाही. माझा पाय अजून त्या थापेच्या धाकानं खाली जातो. हा सेट २०१३ चा, आणि त्यावर दोनच माणसांनी गाडी चालवली.

आप्पांचा डावा गुडघा. जिना उतरताना ते कठडा धरत, एवढंच आम्हाला माहीत. दुखतो असं तोंडातून कधी काढलं नाही, डॉक्टरांकडे चला म्हटलं तर विषय बदलत. पेडलवरून पाय उचलून बाजूला ठेवायचा आणि पुन्हा उचलून पेडलवर आणायचा, गावातल्या एका फेरीत हे शंभर वेळा तरी होतं. ज्या गोष्टीवर ते आयुष्यभर ओरडले तीच करायची वेळ यावी इतका तो गुडघा दुखत होता, आणि मी शेजारच्या सीटवर बसून बेअरिंगचा आवाज तेवढा ऐकत होते. प्रेशर प्लेट मी हातात घेतली. चऱ्यावरून बोट फिरवलं. मिस्त्री काही न बोलता दुसऱ्या कामाला लागले.

तिसऱ्या दिवशी गाडी मिळाली. नवी प्लेट, नवी प्रेशर प्लेट, बेअरिंग, केबल, इंजिनाचं मागचं सील, गिअरबॉक्सला नवं तेल. गॅरेजच्या दारातच गाडी बंद पडली, कारण पेडल आता खूप खाली धरत होतं आणि माझा पाय वरच शोधत होता. "सवय होईल," मिस्त्री म्हणाले.

घरी न जाता मी पन्हाळ्याच्या रस्त्याला लागले. चढावर गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. पहिल्या खेपेला पुन्हा बंद. दुसऱ्या खेपेला काचा खाली केल्या, पंखा बंद केला आणि पाय उचलत गेले. आवाज खाली बसला. बॉनेट जरा वर आलं. हँडब्रेक सोडला, गाडी पुढं निघाली, आणि पाय खाली गेला.