शेतकरी आनंदात

आण्णांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक स्क्रीनशॉट पाठवला. खाली एवढंच, ‘ह्ये कुणी लिवलंय?’

ते मीच लिहिलं होतं.

तेव्हा मी पुण्यातल्या एका दैनिकाच्या जिल्हा पानावर काम करायचे. खुटबावची पोरगी, म्हणून दौंड-शिरूरकडच्या बातम्या आपसूक माझ्याकडे यायच्या. आमच्या ऊसपट्ट्यात शेतीपंपांना थ्री फेज लाईट आलटून पालटून मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की माणसं बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला जातात. त्याच उसात बिबट्याची मादी पिल्लं वाढवत असते. दिवसा लाईट द्या, ही मागणी इतक्या वेळा छापून झाली होती की ती बातमी कुणी वाचत नव्हतं. मग मला वाटलं, उलटं लिहून बघू. ‘पहाटे तीनला पाणी, शेतकरी आनंदात’ असा मथळा दिला. आत लिहिलं की थंडीत व्यायाम होतो, चांदणं दिसतं आणि वन्यजीवांचं दर्शन फुकटात घडतं. एक शेतकरी तर बिबट्याच्या मनोरंजनासाठी मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावतो, हेही.

डेस्कवर सगळे हसले. बातमीला नाव नव्हतं, जिल्हा पानावर नसतंच.

दुसऱ्या दिवशी तालुक्यातल्या एका पुढाऱ्यानं फक्त मथळ्याचा फोटो ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, ‘बघा, शेतकरी समाधानी आहे.’ त्याला उपरोध कळला नव्हता, की कळूनही सोयीचा वाटला, कोण जाणे. फोटो फिरत फिरत आण्णांपर्यंत गेला.

मी एमपीएससीच्या नादात दोन वर्षं वाळंब्यांचं व्याकरण घोकलेलं. अलंकार मला झोपेतही ओळखता यायचे. वरून निंदा आत स्तुती किंवा वरून स्तुती आत निंदा, ती व्याजस्तुती. एका शब्दाचे दोन अर्थ, तो श्लेष. वृत्तपत्रात आल्यावर कळलं की खरी पंचाईत व्याख्येत नाही. ‘कांद्यानं डोळ्यात पाणी आणलं’ हा मथळा घ्या. कांदा चिरला की पाणी येतं हेही खरं, भावानं आणलं हेही खरं. श्लेषात दोन्ही अर्थ एका घरात नांदतात आणि तुम्हाला एकच कळला तरी फारसं बिघडत नाही. (भाव वाढला की हे डोळे शहरातले असतात आणि पडला की आमच्याकडचे. मथळा तोच.) ‘विजेचा लपंडाव’ हे एकेकाळचं रूपक, आता त्यात खेळ कुणालाच दिसत नाही. पायाच्या ठशावरून ‘बिबट्याचा धुमाकूळ’ छापतो ती अतिशयोक्ती, वाचक मनातल्या मनात निम्मी वजा करतो. उपरोधाचं तसं नाही. तिथं समोरचा अर्थ पूर्ण टाकून द्यावा लागतो. टाकला नाही, तर बातमी खोटी होते.

आणि टाकायचा कशाच्या आधारावर? शि. म. परांजप्यांनी १८९८ साली पुण्यात ‘काळ’ सुरू केला. इंग्रजांच्या राज्याची अशी काही तारीफ करायची की वाचणाऱ्याच्या अंगाची आग व्हावी, ही त्यांची खोड. सरकारला ती तारीफ बरोबर कळली. १९०८ साली राजद्रोहाखाली १९ महिन्यांची शिक्षा झाली. पुढं त्यांच्या निबंधांवर बंदी आली, ती उठली १९३७ साली. त्याच १९०८ सालच्या आपल्या खटल्यात टिळक ज्युरीपुढं इंग्रजी भाषांतरं कशी चुकली आहेत हे सांगत होते. पण ‘काळ’ हातात घेणाऱ्याला आधीच माहीत असायचं की कोण बोलतंय. कागदाच्या नावातच आवाज होता.

माझ्या पानाला तो आवाज नव्हता. उलट तिथं पहिला पाऊस पडला की आम्ही दरवर्षी मनापासून ‘वरुणराजाची हजेरी, बळीराजा सुखावला’ छापतो. त्याच पानावर, त्याच टायपात ‘शेतकरी आनंदात’ वाचून कुणी थट्टा का समजावी?

शनिवारी गावी गेले. ओट्यावर काकूनं पेपर हातात घेतला आणि अख्खी बातमी मोठ्यानं वाचली. ‘आनंदात’ या शब्दावर तिनं असा काही हेल काढला की शेजारची माणसं हसायला लागली. अलंकारशास्त्रात वक्रोक्तीचा एक प्रकार आवाजाच्या चढउतारावर उभा असतो, त्या चढउतारालाही काकूच म्हणतात. परीक्षेपुरतं पाठ केलेलं मला ओट्यावर कळलं.

आण्णा मात्र हसले नाहीत. मी म्हणाले, “आण्णा, कळलं ना आता? मी त्या लोकांना टोमणा मारलाय.”

“कळलं की. मला पयल्यांदाच कळलं हुतं.” ते तंबाखू मळत राहिले. “गाणी लावतो ते मी तुला सांगितलं हुतं. भ्या वाटतं म्हून लावतो. हसण्यावारी न्यायला सांगितलं न्हवतं.”

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. टोमणा ज्याला मारला तो मथळा मिरवत फिरला, आणि लागला तो ज्याच्यासाठी लिहिला त्याला. उपरोध समजला की लोक बाजूला येतात, असं मी धरून चालले होते.

पुढच्या आठवड्यात मी तीच बातमी सरळ लिहिली. लाईट किती वाजता येते, किती तास राहते, बांधावर ठसे कुठं दिसले, रात्री एकटं जाणाऱ्याला काय वाटतं. गाण्यांचं लिहायच्या आधी फोन करून विचारलं. “लिव,” म्हणाले, “पर नाव नको.” आतल्या पानावर, चार परिच्छेद. स्क्रीनशॉट कुणी काढला नाही.

परवा रात्री साडेदहाला आण्णांचा मेसेज आला. ‘आज रात्रीची लाईट. शेतकरी आनंदात.’

मी तीनदा वाचला. चिडलेत, चेष्टा करतायत, की दोन्ही? पुढं ना हसरा चेहरा, ना काही. शेवटी फोन लावला. मागं मोटारीचा आवाज होता, आणि कुठलंतरी गाणं, फुल्ल व्हॉल्यूमवर.