सुरतेची फॅक्टरी

इंग्रजांनी १६१३ साली सुरतेस फॅक्टरी घातली, हे वाक्य शाळेत वाचताना मुलांच्या डोळ्यांपुढे हटकून एक धुराडे उभे राहते. वस्तुतः ते घर माल तयार करण्यासाठी नव्हतेच. विणकर आपापल्या घरी विणीत, दलालांमार्फत त्यांना आगाऊ रक्कम पोचे, आणि विणलेले कापड या वास्तूत येऊन जहाजाची वाट पाहत पडे. कंपनीच्या चाकरीत रायटर, फॅक्टर, ज्युनियर मर्चंट, सीनियर मर्चंट अशा चढत्या पायऱ्या असत. फॅक्टर म्हणजे परक्या मुलखात धन्यासाठी खरेदीविक्री करणारा अडत्या. तो जेथे राहतो आणि माल साठवतो ती फॅक्टरी. वास्तूला नाव पडले ते माणसावरून.

आपल्या पूर्वजांनी त्या वास्तूला योग्य नाव दिले. मराठीत ती वखार, गुजरातीत कोठी. १६६१ साली शिवाजी महाराजांनी राजापुरास जी लुटली ती वखार. १६६४ साली सुरत लुटली गेली तेव्हा ऑक्झेंडनने तोफा लावून जी राखली तीही वखारच. आज वखार म्हटले की आपल्याला सरपण आठवते, ही गोष्ट वेगळी. कोठी मात्र देवळात जाणेयेणे असलेल्यांना समजावून सांगावयास नको. नैवेद्याचे तांदूळ जेथे राहतात ती कोठी.

शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. फाकेरे म्हणजे करणे. फॅक्टर म्हणजे करणारा, अर्थात कर्ता. हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायद्यात मुरलेल्या वकिलाला येथे हसू आल्यावाचून राहत नाही, कारण आपल्या सहीने इतरांना बांधून टाकणारा तो दुसरा कर्ता त्याच्या रोजच्या ओळखीचा असतो. इंग्रजांच्या कितीतरी आधी पोर्तुगीज हाच शब्द फेइतोर म्हणून घेऊन आले होते; १५०० साली कालिकतला त्यांची फेइतोरिया उघडली. त्याच धातूपासून त्यांचा फेइतिसो निघाला, म्हणजे 'केलेली', बनावट वस्तू. आफ्रिकेतल्या लोकांच्या पूज्य वस्तूंना त्यांनी ते नाव दिले आणि त्याचा इंग्रजीत फेटिश झाला. स्वतःच्या वेदीवरच्या मूर्तीही कोणीतरी केलेल्याच आहेत, याचे त्यांना बहुधा विस्मरण झाले असावे.

फॅक्टर हा मनुष्य कायद्यातून अजून गेलेला नाही. १८७२च्या करार अधिनियमाच्या कलम १७१मध्ये तो बँकवाल्याच्या शेजारी बसला आहे, आणि येणे वसूल होईपर्यंत धन्याचा माल अडवून धरण्याचा हक्क आजही राखून आहे.

आपला कारखाना हा शब्द तरी कोठे सरळ आहे? तो फारसी, अर्थ कामाचे घर. शिवकालीन अठरा कारखान्यांत पीलखाना होता, मुदपाकखाना होता, नगारखाना होता. हत्ती, स्वयंपाक आणि नौबत! पुढे यंत्रे आली आणि फॅक्टरी व कारखाना हे दोघे निरनिराळ्या वाटांनी येऊन एकाच धुराड्याखाली उभे राहिले.

तथापि कायद्याने शब्दाची व्याख्या केली ती यंत्रांवर नव्हे. १८८१च्या पहिल्या अधिनियमाला यंत्रशक्ती हवी होती, पण तिच्या जोडीला निदान शंभर माणसे असल्यावाचून ती जागा फॅक्टरी ठरत नसे. १८९१ साली पन्नास पुरली. १९२२ साली वीस. १९४८ साली दहा. शून्य खोडावे तशी ही संख्या सदुसष्ट वर्षांत खाली आली, आणि प्रत्येक उतरणीसरशी नवी माणसे ठरावीक तासांच्या, सुट्टीच्या, सुरक्षिततेच्या छत्राखाली आली. २०२०च्या संहितेने ती पुन्हा वीसवर नेली. ही चढण मला मान्य नाही.

कारण ती काय करते हे पाहण्यास सुरतेइतके चांगले ठिकाण नाही. येथील यंत्रमागांच्या दालनांत एकेक माणूस कितीतरी माग सांभाळतो; गंजामहून आलेले ओडिया कामगार बारा बारा तासांच्या पाळ्या करतात. दहाची मर्यादा होती तेव्हाही एकच छप्पर कागदावर दोनतीन नावांत वाटले जाई, म्हणजे प्रत्येक हजेरीपटावर माणसे मोजकीच दिसत. माग शेकडो असले तरी हरकत नसे. कापड त्याच दारातून बाहेर पडे आणि त्याच टेम्पोत चढे. पण त्यातल्या कोणाचा हात मागात सापडला, तर वकिलाला प्रथम विचारावे लागे की त्या दिवशी भिंतीच्या या बाजूला किती माणसे होती.