आपणच आपल्याला परके

पेपर तपासणीचा गठ्ठा अर्ध्यावर आला की आमच्या शिक्षक-खोलीत हल्ली कुणीतरी म्हणतेच, "आता मला डीपर्सनलायझेशन झालंय!" निवडणुकीची ड्यूटी करून आलेले म्हणतात, ऑनलाइन माहिती भरून कंटाळलेले म्हणतात. दहावीची मुलेही म्हणू लागली आहेत. मोबाइलमधून आलेला शब्द आहे. मूड गेला, कंटाळा आला, झोप आली, सगळ्यांना तोच लावून टाकायचा. शब्द भारदस्त आहे, त्यामुळे दुखणेही भारदस्त वाटते.

मराठीत शब्दशः करायचे तर ‘व्यक्तित्वलोप’ म्हणता येईल. जिनिव्हाचे प्राध्यापक आमिएल यांच्या रोजनिशीत हा शब्द आला. १८८१ मध्ये ते वारले, रोजनिशी त्यांच्या मागे प्रसिद्ध झाली, आणि १८९८ साली लुडोविक ड्युगा या फ्रेंच अभ्यासकाने तो मानसशास्त्रात रुजवला. अर्थ असा, की माणूस जागा असतो, बोलतो, चालतो, पण हे सारे आपण करत नसून आपण बाजूला उभे राहून पाहत आहोत असे त्याला वाटते. स्वतःचा आवाज दुरून येतो. आरशातला चेहरा ओळखू येतो, पण आपला वाटत नाही. भोवतालचे जगच काचेपलीकडचे, सिनेमातले वाटू लागले तर त्याला डीरियलायझेशन म्हणतात. बहुधा दोन्ही जोडीने येतात.

यात वेड लागलेले नसते. ‘असे वाटते आहे, पण खरे तसे नाही’ हे माणसाला पक्के कळत असते, आणि म्हणूनच तो जास्त घाबरतो. जागरण, जबर भीती, घरातला मृत्यू, गांजासारखी नशा यांतून असे होऊ शकते. क्षणभराचा असा अनुभव साधारण निम्म्या प्रौढांना आयुष्यात कधी ना कधी येतो. तो हटेना, पुन्हा पुन्हा येऊन कामधंदा अडवू लागला तर मात्र तो आजार, आणि तो सुमारे शंभरात दोघांना होतो. सुरुवात सरासरी सोळाव्या वर्षी होते. म्हणजे आमच्या बाकांवर बसलेल्या वयात.

दोन वर्षांपूर्वी दहावीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, मी वर्गात बसेल असतो, पण थो दुसराच कोनी पोट्टा बसला असं वाटते मले. हात लिहितात, पण ते माये वाटत नाही." हा शब्द त्याला ठाऊकही नव्हता. अब्बा जाऊन चार महिने झाले होते, रात्री झोप नव्हती. घरी अम्मीला वाटले ‘असर’ आहे. दोन ठिकाणी फुंकून आणले, ताबीज बांधले. दुआ करणाऱ्या आईला आम्ही काय अडवणार? ताबीज राहू द्या, पण डॉक्टरलाही दाखवा, एवढेच सांगितले. मामा एसटीने अमरावतीला घेऊन गेले. डॉक्टरांनी आधी झोपेचे पाहिले, मग तीन-चार वेळा नुसते बोलते केले. या आजाराची अशी खास गोळी नाही, मुख्य इलाज बोलण्याचाच. आता तो अकरावीला आहे. "अजून होते कधी कधी, पण भ्याव नाही वाटत," म्हणतो. ज्यांना अमरावतीला जाणे जमत नाही त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस सेवा आहे. नंबर १४४१६, फोन फुकट, मराठीतही बोलता येते.

उर्दू शिकवताना ‘बेखुदी’ हा शब्द नेहमी येतो. शायराला ती हवी असते, तो ती मागून घेतो. त्या मुलाने काहीच मागितले नव्हते. त्याच्या हालाला ‘बेगानगी’ म्हणावे, आपल्याच घरात परके होणे.

याच इंग्रजी शब्दाचा दुसरा अर्थ आम्हा नोकरदारांना जास्त लागू आहे. १९८१ साली क्रिस्टिना मॅस्लाक आणि सुझान जॅक्सन यांनी कामाने करपून गेलेल्या माणसांची चाचणी तयार केली. तिच्यातला एक भाग डीपर्सनलायझेशनचा. येथे परके होतो तो समोरचा माणूस. नर्सला रोगी म्हणजे ‘सात नंबरची खाट’, शिक्षकाला मुलगा म्हणजे ‘ते मागच्या बाकावरचं ढ’. तेव्हा आमच्या खोलीतले थकलेले लोक शब्द अगदीच चुकीचा वापरत नाहीत, फक्त तो स्वतःकडे वळवून घेतात. खरा त्रास समोरच्या मुलाला होत असतो.

आमच्या वऱ्हाडात या दुसऱ्या अर्थाचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. शेतकऱ्याने आत्महत्या केली की प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जाते. जमीन कुटुंबाच्या नावावर होती का, कर्ज बँकेचे, सोसायटीचे की परवानाधारक सावकाराचे, वसुलीचा तगादा होता का, हे पाहून एक लाखाच्या मदतीसाठी ते ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. मग पेपरात विभागाचा आकडा येतो, इतके पात्र, इतके अपात्र, इतके चौकशीत. सरकारी पैसा नियमाशिवाय वाटता येत नाही, हे मान्य. पण शब्द कागदाला लावलेला असतो आणि चिकटतो माणसाला. "त्याचा बाप अपात्र निघाला," असे मुले एकमेकांविषयी बोलताना आम्ही ऐकले आहे. ते चिडवत नव्हते, माहिती सांगत होते.

भाड्याने खोली पाहायला गेल्यावर नाव ऐकून "तुम्हा लोकांना देत नाही" म्हणतात, तेही यातलेच. तिथे आपण आपण नसतो, ‘लोक’ असतो. आणि आपल्या मोहल्ल्यात "वो लोग ऐसेच" म्हणताना जीभ कुठे अडखळते?

आमच्या शाळेतल्या एक बाई हजेरी अजून नावाने घेतात, नंबराने नाही. अठ्ठावन्न मुलांचा वर्ग, पाच मिनिटे जातात, पुढच्या तासाचे सर दारात उभे राहून घड्याळ पाहतात. बाई सावकाश शेवटच्या नावापर्यंत जातात आणि मगच खडू ठेवतात.